जलद चार्जिंग मॉलमध्ये. ओझरला काय हवे?

ओझर (ता. जुन्नर) - शहरातील मॉलच्या वाहनतळात विजेवरील मोटार चार्जिंगला लावायची, चित्रपट पाहायचा आणि खरेदी उरकून भरलेल्या बॅटरीनिशी घरी परतायचे, हे दृश्य आता महानगरांतील रहिवाशांना नवे राहिलेले नाही. मात्र, हीच मोटार घेऊन अष्टविनायकाच्या यात्रेला निघायचे म्हटले, की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ''वाटेत चार्जिंग संपले तर?'' या प्रश्नाचे उत्तर 'जागोजागी जलद चार्जिंग केंद्रे उभारा' असे दिले जाते. ते अर्धेच बरोबर आहे. कोणत्या ठिकाणी कोणत्या वेगाचे केंद्र हवे, हे तेथे माणूस किती वेळ थांबतो यावर ठरते. श्री विघ्नहराचे ओझर हे त्याचे उत्तम उदाहरण ठरावे.

जलद म्हणजे किती जलद?

आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. बॅटरीत साठते ती मात्र एकदिश, म्हणजे डीसी वीज. घरच्या पंधरा ॲम्पिअरच्या सॉकेटला गाडी लावली, की हे रूपांतर गाडीतीलच लहानशा यंत्रणेकडून होते. तिची क्षमता मर्यादित असल्याने तासाला सुमारे तीन युनिटच वीज आत जाते. चाळीस युनिटची बॅटरी असलेली मोटार रिकाम्या अवस्थेतून भरायला त्यामुळे तेरा-चौदा तास लागतात. भिंतीवर बसविलेल्या सात किलोवॉटच्या चार्जरने हाच वेळ सहा तासांवर येतो.

जलद चार्जिंग केंद्रात रूपांतराचे काम बाहेरच्या कपाटाएवढ्या यंत्रात होते आणि डीसी वीज जाड केबलमधून थेट बॅटरीत सोडली जाते. साठ किलोवॉटच्या केंद्रावर अशी मोटार दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायला साधारण चाळीस मिनिटे ते एक तास पुरतो. शंभर टक्क्यांऐवजी ऐंशी म्हणण्याचे कारण आहे. बॅटरी भरत आली, की तापमान व दाब आटोक्यात ठेवण्यासाठी गाडीच विजेचा ओघ कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना त्यामुळे पहिल्या सत्तर टक्क्यांइतका वेळही लागू शकतो. मागे रांग असताना शंभर टक्क्यांचा हट्ट न धरणे हे शिष्टाचाराचेच नव्हे, तर हिशेबाचेही आहे.

वेगाची स्पर्धा आता याहून पुढे गेली आहे. टेस्ला कंपनीने ४ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात, 'वन बीकेसी' येथील वाहनतळावर देशातील आपले पहिले चार्जिंग केंद्र सुरू केले. तेथे २५० किलोवॉटपर्यंतचे चार जलद आणि ११ किलोवॉटचे चार संथ चार्जर आहेत. सुरवातीचा दर जलद चार्जिंगसाठी युनिटला २४ रुपये, तर संथ चार्जिंगसाठी १४ रुपये ठेवण्यात आला. एकाच छताखाली दोन वेग आणि दोन दर, ही मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याला घाई आहे त्याने जास्त मोजावे. जो दिवसभर कार्यालयात बसणार आहे त्याने स्वस्तात गाडी भरावी.

पुणे ते ओझर

पुण्याहून ओझर सुमारे ८५ किलोमीटर. पुणे-नाशिक महामार्गाने चाकण, राजगुरुनगर, मंचर करीत नारायणगावला पोचायचे आणि तेथून आत वळायचे. जाऊन-येऊन १७० किलोमीटर. मध्यम आकाराची मोटार एका युनिटमध्ये साधारण सहा ते सात किलोमीटर धावते असे धरले, तर या प्रवासाला २५ ते २८ युनिट लागतील. घरून पूर्ण भरून निघालेली चाळीस युनिटची गाडी वाटेत कोठेही न थांबता परत येऊ शकते. ओझरबरोबर लेण्याद्रीही केले तरी गणित फारसे बिघडत नाही. वातानुकूलन आणि वेग यांमुळे वापर वाढतो, हे मात्र गृहीत धरावे.

अडचण येते ती आठही गणपती एका फेरीत करणाऱ्यांना. मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड आणि पाली अशी ही फेरी पुणे, अहिल्यानगर व रायगड या तीन जिल्ह्यांतून जाते. दोन दिवसांच्या या प्रवासात गाडी किमान दोन-तीनदा भरावीच लागते. येथे थांब्याचा प्रश्न कळीचा ठरतो.

एक गन की दहा सॉकेट?

समजा, ओझरच्या वाहनतळावर साठ किलोवॉटची एकच जलद गन बसविली. चतुर्थीच्या गर्दीत दहा मोटारी आल्या, तर प्रत्येकीला पाऊण तास धरून दहाव्या कुटुंबाचा क्रमांक लागायला पावणेसात तास उलटतील. याउलट, त्याच ठिकाणी सात किलोवॉटचे दहा साधे चार्जर बसविले, तर विजेची एकूण मागणी सत्तर किलोवॉट, म्हणजे जवळपास तेवढीच राहते. दर्शन, प्रसाद आणि नदीकाठी थोडी विश्रांती यांत दीड तास सहज जातो. तेवढ्या वेळात दहाही गाड्यांना प्रत्येकी सुमारे दहा युनिट, म्हणजे साठ ते सत्तर किलोमीटरची वीज मिळालेली असेल आणि रांगेत कोणीच उभे नसेल. भक्तनिवासात रात्रीचा मुक्काम करणाऱ्यांची गाडी तर पहाटेपर्यंत पूर्ण भरते.

जलद गनची खरी जागा आहे ती महामार्गावर, मंचर किंवा नारायणगावसारख्या ठिकाणी, जेथे प्रवासी चहा-मिसळीपुरताच थांबतो. मॉल या दोन्हींच्या मधला. तेथील थांबा दीड-दोन तासांचा. म्हणून तेथे दोन्ही प्रकार शोभतात.

वीज कोठून येणार?

ग्रामीण भागात या निवडीला आणखी एक बाजू आहे. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप पावणेचार किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. साठ किलोवॉटची एक गन म्हणजे एकाच वेळी चालणारे सोळा पंप, आणि अडीचशे किलोवॉटची गन म्हणजे सदुसष्ट! जुन्नर तालुक्यात बिबट्यांच्या वावरामुळे रात्री पिकांना पाणी देणे जिवावरचे झाले असून, शेतीला दिवसा वीज मिळावी ही येथील शेतकऱ्यांची आग्रही मागणी आहे. अशा ठिकाणी पर्यटकांच्या गाड्यांचा भार गावाच्या जुन्या रोहित्रावर पडला आणि पंप बंद राहिले, तर चार्जिंग केंद्राचे स्वागत कोण करील? स्वतंत्र रोहित्र, पुरेशा क्षमतेची वाहिनी आणि शक्य तेथे वाहनतळाच्या छपरावर सौर पॅनेल, ही म्हणूनच केंद्राआधीची तयारी आहे.

नियम अनुकूल

कायद्याची मोठी अडचण केव्हाच दूर झाली आहे. गाडी चार्ज करून देणे म्हणजे विजेची विक्री नव्हे, तर ती सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे मॉल, हॉटेल वा देवस्थान यांना केंद्रासाठी वीजविक्रीच्या परवान्याची गरज उरली नाही. डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्राचे उद्दिष्ट ठेवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींमध्ये वाहनतळाच्या वीस टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविण्यात आली. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या विद्युत वाहन धोरणातही २५ किलोमीटरचे अंतर कायम आहे.

मात्र, अंतर मोजून खांब रोवले म्हणजे काम संपले, असे नाही. बंद पडलेले यंत्र, मोबाईलला रेंज नसल्याने न उघडणारे ॲप किंवा चार्जिंगच्या जागेत उभी केलेली पेट्रोलची गाडी यांपैकी एकही गोष्ट यात्रेचा दिवस वाया घालवू शकते. निघण्यापूर्वी वाटेवरील दोन केंद्रे हेरून ठेवणे, आपल्या गाडीचा जोड तेथे बसतो का हे पाहणे आणि बॅटरीत वीस टक्के वीज राखून ठेवणे, एवढी काळजी चालकाने घ्यावी. उरलेली जबाबदारी केंद्र उभारणाऱ्यांची आहे. मॉलमध्ये चार्जर बंद असला, तर ग्राहक घरी जाऊन गाडी भरतो. घरापासून ८५ किलोमीटरवरच्या ओझरला आलेल्या भाविकाला ती सोय नसते.