लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हर आणि व्यापारी आश्रय

भाषांतर हा शब्द आपण बहुधा मानवी भाषांपुरता राखून ठेवतो. परंतु संगणकाच्या पडद्यावर एखाद्या खेळाचे दृश्य उमटते, तेव्हा त्यामागे घडणारी क्रियाही मूलतः भाषांतराचीच असते. खेळाचा रचनाकार प्रकाश, छाया आणि पृष्ठभागांचा पोत यांची गणिते ‘शेडर’ नावाच्या लहान आज्ञावल्यांत लिहितो. ग्राफिक्स कार्डाला ही भाषा थेट समजत नाही. प्रत्येक उत्पादकाच्या, किंबहुना एकाच उत्पादकाच्या निरनिराळ्या पिढ्यांतील कार्डांची यंत्रभाषा वेगळी असते. या दोहोंमधील दुभाषी म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. हा दुभाषी कोणी घडवावा, त्याचे वेतन कोणी द्यावे आणि अखेर त्याच्यावर मालकी कोणाची, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

विंडोजच्या जगात याचे उत्तर सरळ आहे. कार्ड विकणारा उत्पादकच ड्रायव्हर पुरवितो व त्याची मूळ संहिता आपल्यापाशी ठेवतो. लिनक्सची संहिता मात्र कोणीही वाचावी व सुधारावी अशी खुली. गुप्त दुभाष्याशी तिचे जमणे कठीणच होते. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी एन्व्हिडिया कंपनीला उद्देशून काढलेले उद्गार संशोधनपत्रिकेत उद्धृत करण्याजोगे नाहीत. त्यांमागील वैताग मात्र समजण्याजोगा होता. याउलट ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये आरंभिलेला ‘मेसा’ हा ड्रायव्हरांचा मुक्तस्रोत संग्रह हळूहळू वाढत होता, आणि २००७ पासून एएमडी कंपनीने आपल्या कार्डांची तांत्रिक कागदपत्रे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केल्यामुळे त्याला बळ मिळाले होते.

या क्षेत्रात व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी उतरली, ती परोपकारबुद्धीने नव्हे. ‘स्टीम’ हे संगणकीय खेळांचे तिचे दुकान. तेथील विक्रीचा साधारणपणे तीस टक्के वाटा तिला मिळतो, आणि हे सारे दुकान मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर उभे होते. विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान मांडण्याचे ठरविले, तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी जुलै २०१२ मध्ये त्या प्रणालीला जाहीरपणे अरिष्ट म्हटले. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटणाऱ्याला घरमालकानेच शेजारी गाळा उघडलेला पाहून जे वाटावे, तेच त्यांना वाटले असावे. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ मध्ये ‘स्टीम मशीन’ नावाचे संगणकही बाजारात आले. ते चालले नाहीत. लिनक्ससाठी लिहिलेले खेळच थोडे होते, आणि प्रत्येक खेळकर्त्याने आपली कृती नव्या प्रणालीसाठी पुन्हा लिहावी ही अपेक्षा व्यवहारात टिकणारी नव्हती.

मूळ लेखकाने पुन्हा लिहिण्याऐवजी वाचकाच्या बाजूने भाषांतर करावे, हा पुढला निर्णय. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ‘प्रोटॉन’मध्ये विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर जसाच्या तसा चालविण्याची सोय झाली. त्यातील ‘डीएक्सव्हीके’ हा भाग मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीचे रूपांतर ‘व्हल्कन’ या सर्वांना खुल्या असलेल्या मानकात करतो. तो एका व्यक्तीने हौसेने आरंभिला होता. व्हॉल्व्हने त्या व्यक्तीला वेतन देऊन ते काम पूर्ण वेळ करू दिले.

परंतु येथवर अर्धेच भाषांतर झाले. व्हल्कनमधून कार्डाच्या यंत्रभाषेत जाणे बाकी राहते. एएमडीचा स्वतःचा मुक्त ड्रायव्हर मिळेपर्यंत वाट न पाहता डेव्ह एअरली व बास न्यूएनहाउझेन यांनी २०१६ मध्ये ‘आरएडीव्ही’ लिहिण्यास घेतला. त्यातील शेडरांचे भाषांतर ‘एलएलव्हीएम’ या सर्वकामी कंपायलरकडे सोपविले होते. तो समर्थ खरा, पण सावकाश. खेळ चालू असताना नवे शेडर समोर आले की भाषांतर होईपर्यंत चित्र अडखळे. वक्ता बोलत आहे आणि दुभाषी कोश चाळीत आहे, असा तो प्रकार. व्हॉल्व्हच्या वेतनावरील अभियंत्यांनी केवळ याच कामासाठी ‘एसीओ’ नावाचा नवा कंपायलर लिहिला. जुलै २०१९ मध्ये तो जाहीर झाला, त्याच वर्षाअखेरीस मेसात आला आणि २०२० मध्ये आरएडीव्हीचा नित्याचा कंपायलर बनला. फेब्रुवारी २०२२ मधील ‘स्टीम डेक’ या हातात धरून खेळण्याच्या यंत्राने या खर्चाचे व्यापारी फळ दाखविले. पुढे २०२५ मध्ये खुद्द एएमडीने आपला ‘एएमडीव्हीएलके’ हा ड्रायव्हर बंद करून आरएडीव्हीला पाठिंबा दिला. उत्पादकाने स्वतःचा दुभाषी निवृत्त करून इतरांनी घडविलेला स्वीकारावा, ही घटना माझ्या मते या सर्व इतिहासात सर्वांत बोलकी आहे.

आश्रयाची रीतही पाहण्यासारखी आहे. व्हॉल्व्ह काही व्यक्तींशी थेट करार करते, तर काही काम इगालिया, कोलाबोरा यांसारख्या सल्लागार संस्थांकडे देते. तयार झालेली संहिता मात्र मेसात, म्हणजे प्रतिस्पर्ध्यालाही वापरता येईल अशा परवान्याखाली जाते. पैसा खाजगी, फळ सार्वजनिक. तथापि कशाचे भाषांतर आधी व्हावे, हे पैसा देणाराच ठरवितो. याच कार्डांवर शास्त्रीय आकडेमोड करण्यासाठी ‘ओपनसीएल’ हे मानक आहे. मेसातील त्याचा ‘क्लोव्हर’ हा भाग वर्षानुवर्षे अपुरा राहिला. त्याची जागा घेणारा ‘रस्टिकल’ २०२२ मध्ये मेसात आला, तो रेड हॅट कंपनीतील एका अभियंत्याच्या श्रमाने. खेळांच्या दुकानाला आकडेमोडीची निकड नव्हती, यात दोष देण्यासारखे काही नाही. परंतु विद्यापीठांतील संशोधकांची निकड नेमकी तीच असते.

परवाना खुला असल्याने आश्रय सुटला तरी काही बिघडत नाही, असे कित्येकदा म्हटले जाते. ते मला पटत नाही. मोडी दफ्तरे वाचण्यास कोणाचीही मनाई नाही. उणीव आहे ती वाचणाऱ्यांची. एसीओसारखा कंपायलर आमूलाग्र जाणणारी माणसे थोडी आहेत, आणि त्यांतील बऱ्याच जणांची उपजीविका एकाच दुकानाच्या नफ्यावर अवलंबून आहे.

शिवाय वेतन माणसांना मिळते. ज्या ठिकाणी ही संहिता ठेवली, तपासली व चर्चिली जाते, त्या ठिकाणाला ते आपोआप पोहोचत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एक्स.ऑर्ग प्रतिष्ठानाने जाहीर केले की, ‘फ्रीडेस्कटॉप’ या मेसाच्या आश्रयस्थानावरील स्वयंचलित चाचण्यांचा वाढता खर्च आपल्या ऐपतीबाहेर जात आहे. त्यानंतर दुसऱ्या एका कंपनीने यंत्रे विनामूल्य दिली. तिने तो व्यवसायच आवरता घेतल्याने २०२५ च्या वसंतात सारे बिऱ्हाड पुन्हा हलवावे लागले, आणि स्थलांतराच्या दिवसांत मेसाचे काम तेवढे थांबून राहिले.