रुक्मिणीचा निरोप आणि आपल्या सोयरिकी

अमरावतीहून कौंडण्यपूर फार लांब नाही. तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी हे गाव आहे. कार्तिकात तेथे यात्रा भरते आणि आषाढीला तेथली पालखी पंढरपूरला जाते, कारण पंढरीच्या रुक्मिणीचे ते माहेर. भावाने, म्हणजे रुक्मीने, तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले. घरचा कर्ता भाऊ, तोलामोलाचे स्थळ, मांडव पडलेला, कशातच उणे नव्हते. मुलीला विचारायचे तेवढे राहून गेले होते. तिने एका ब्राह्मणाबरोबर द्वारकेला निरोप धाडला, की मी मनाने तुम्हांला वरले आहे, येऊन घेऊन जा. भागवताच्या दशम स्कंधातली ही कथा. पुढे महानुभाव कवी नरेंद्राने ती मराठीत गायिली आणि एकनाथांनी १५७१ साली काशीस तिच्यावर आपला ग्रंथ पुरा केला. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातूनच कृष्णाने तिला रथात घेतले, असे आपल्याकडची मंडळी अभिमानाने सांगतात.

आता मौज पाहा. ज्या मुलीचे लग्न लांबते तिला हीच पोथी वाचायला बसवतात. रुक्मिणी-स्वयंवराचे पाठ केले की लग्न लवकर जुळते, ही जुनी श्रद्धा. पोथी संपते, पाहुणे येतात, पोहे होतात, आणि पुष्कळदा मुलीला न विचारताच होकार कळवला जातो. पोथीत काय लिहिले आहे याकडे कोणाचेच लक्ष नसते.

लग्नाआधी मुलामुलींनी एकमेकांस पाहावे की नाही, आणि पाहावे तर कुठे, हा प्रश्न निरनिराळ्या समाजांनी निरनिराळ्या रीतीने सोडवला. तीनचारशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या खेड्यांचे उदाहरण घेऊ. हिवाळ्याच्या रात्री शेजारपाजारची मंडळी एका घरी जमत. कधी गोठ्यातच बसत, कारण जनावरांच्या उबेने सरपण वाचे. बाया सूत कातीत, म्हातारी माणसे गोष्टी सांगत, आणि वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तरुण मुलेमुली बोलत, थट्टा करीत. जत्रेतून आणलेली फीत किंवा साधी मुंदी मुलगा मुलीला देई. काही भागांत साक्षीदारांदेखत अशी भेट घेतली तर ते लग्नाचे वचन समजले जाई, आणि मागाहून तंटा पडला तर तो चर्चच्या न्यायालयात जाई. आपल्याकडचा साखरपुडा मोडल्यावर होणाऱ्या बैठका आठवा, म्हणजे कल्पना येईल.

एखाद्या म्हाताऱ्या विधुराने कोवळी पोर केली, तर गावची तरुण मुले रात्री त्याच्या दारापुढे पातेली, कढया बडवीत. तो दंड देईपर्यंत गोंगाट चाले आणि दंडाचे पैसे बहुधा दारूत जात. हा काही समाजसुधारणेचा मार्ग नव्हे. पण गावातल्या उपवर मुलींवर आपला काही हक्क आहे असे त्या पोरांना वाटे, एवढे त्यातून दिसते. म्हणजे तिकडेही मुलीचा विचार शेवटीच!

तेथे सारे स्वातंत्र्यच होते असेही समजू नका. १५५६ साली फ्रान्सच्या राजाने फर्मान काढले, की तिसाच्या आतल्या मुलाने व पंचविसाच्या आतल्या मुलीने आईबापांच्या संमतीवाचून लग्न केले, तर त्यांना वारसा नाकारता येईल. इस्टेट जिथे असते तिथे पहारा असतो. श्रीमंत घरी हा पहारा कडक, आणि मजुराच्या पोरांना थोडी मोकळीक. वऱ्हाडात याहून काही वेगळे होते काय?

फरक होता तो वयाचा. अठराव्या शतकात तिकडच्या खेड्यातली मुलगी साधारण पंचविशीला येऊन लग्न करी. नवराबायकोने वेगळे घर थाटायचे अशी तिकडची रीत, म्हणून आधी चाकरी करून चार पैसे, भांडीकुंडी जमवावी लागत. मग मधली आठदहा वर्षे तरुण माणसे एकमेकांना पाहणारच. आपल्याकडे सून येई ती एकत्र कुटुंबात, भरल्या घरात. चूल आधीच पेटलेली. तेव्हा आठ-दहा वर्षांची पोर आणली तरी अडत नसे. एवढ्याशा मुलीला पसंती कसली विचारणार? सोयरीक घराण्याची घराण्याशी होई. एकमेकांना भेटण्याची रीत आपल्याकडे वाढली नाही याचे एक कारण हे आहे, असे मला वाटते. केवळ आपली नीती कडक आणि त्यांची सैल, असे म्हणून भागत नाही.

आणि आपल्याकडे म्हणजे तरी कुणाकडे? त्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू समाजात मुलीचा बाप हुंडा देत नसे, उलट मुलाकडून देज घेई. ते देण्याची ऐपत नसेल तर मुलगा मुलीच्या घरी राहून काही वर्षे शेतात राबे आणि मग लग्न होई. या रीतीला लमझना म्हणतात. जावई कामाला कसा आहे, दारू किती पितो, रागावतो कसा, हे मुलीला आणि तिच्या आईला रोज दिसे. अर्ध्या तासाच्या पोह्यांत हे कळते का? फुकट राबवून घेण्याचा दोषही त्या रीतीत होता, हे मी नाकारीत नाही.

मुलीला विचारा, ही मागणी वऱ्हाडात बाहेरून आलेली नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना खडे बोल सुनावले. जरठ-कुमारी विवाहावर देवलांचे ‘शारदा’ नाटक आले ते १८९९ साली. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली मुंबईच्या विमलाबाई वैद्यांशी लग्न केले. ते आंतरजातीय होते, म्हणून गदारोळ झाला. याच विमलाबाई पुढे राज्यसभेत गेल्या. गाडगेबाबा तर कीर्तनात हात जोडून सांगत, की कर्ज काढून लग्न करू नका.

कायदाही हळूहळू मागून आला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय १४ ठरले, १९४९ मध्ये १५ झाले आणि १९७८ मध्ये १८, मुलाचे २१. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जातधर्म न पाहता नोंदणी करून लग्न करता येते. त्याआधी तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागते. पळून आलेल्या जोडप्याला हे तीस दिवस किती लांब वाटत असतील!

दोन वर्षांपूर्वी अकोट तालुक्यातल्या एका गावी मी असाच मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मुलाचा बाप माझा जुना स्नेही. मी वाटेत म्हटले, ‘‘मुलीची मर्जी विचारली का?’’ तर ते हसले. ‘‘सर, पोरीले काय इचारा लागते? थे काय नाही म्हन्ते?’’ मुलगी बी. ए. झालेली. रीतसर प्रश्न झाले, नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का. मग तिच्या आजीने मध्येच म्हटले, ‘‘तुलेबी काही पुसाचं असन त पूस, बापू बसला हाये समोर.’’ मुलीने मुलाकडे पाहून विचारले, ‘‘तुमच्या विहिरीले पानी कोन्त्या महिन्यापर्यंत राह्यते?’’ बैठकीत सगळे गप्प. मुलगा मात्र मोकळेपणाने म्हणाला, ‘‘फेब्रुवारीलोक. मंग टँकर.’’ परतताना माझे स्नेही फुगून बसले होते. पोरगी आगाऊ, असे त्यांचे मत. मुलाने सांगितले, हीच करायची. सोयरीक झाली. आता शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत ही तक्रार गावोगाव ऐकू येते, तेव्हा मला ती विहीर आठवते. पाणी भरायचे तिलाच असते, मग तिने विचारले तर राग कशाचा?

शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. मुलगी आठवी-नववीत गैरहजर राहू लागली, की बहुधा घरी सोयरिकीची बोलणी चाललेली असतात. कधी कोणी दाखल्यावरची जन्मतारीख ‘जरा सरकवून द्या’ म्हणून आर्जव करतो. ओळखीचा माणूस असतो, गावात राहायचे असते, नाही म्हणणे जड जाते. पण ती तारीख हाच त्या मुलीचा आधार आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली खेड्यात ग्रामसेवक हेच अधिकारी आहेत. त्यांना सांगता येते, किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. सांगणाऱ्याचे नाव बाहेर येत नाही. आणि त्याच्याही आधी, हजेरी घेतल्यावर त्या मुलीला बाजूला बोलावून, तुला काय वाटते, एवढे विचारता येते. घरी तिला ते बहुधा कोणीच विचारलेले नसते.