ट्रॅक्टरच्या क्लचची झीज : गिअरपेटी उघडली असता करावयाची तपासणी

रेणापूर तालुक्यातील काळ्या जमिनीत खरिपाच्या पेरणीस मिळणारा अवधी फार थोडा असतो. मृगाचा पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर पडून जमिनीत ओल साठली व वरचा थर वाफशावर आला, म्हणजे सोयाबीन व तूर पेरण्याची वेळ येते. भारी जमीन आज चिखल असते आणि कडक ऊन पडल्यास चार दिवसांत ढेकूळ बनते. पूर्वी अशा वेळी बैल आजारी पडला तर शेजाऱ्याशी सावड करून काम भागविता येई. आता पानगाव, खरोळा यांसारख्या गावांतून बहुतेक पेरणी ट्रॅक्टरवर होते आणि वाफशाच्या दिवशी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्याच शेतात गुंतलेला असतो. म्हणून त्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडणे म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे. तो हंगामाचा तोटा होय.

पेरणीच्या ऐन वेळी दगा देणाऱ्या भागांत क्लचची गणना करावी लागेल. याचे कारण तालुक्यातील कामाच्या क्रमात आहे. निवाडा येथील रेणा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असता ट्रॅक्टर उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढतो. त्यानंतर उन्हाळ्यात नांगरट व मोगडणी येते. अर्थात मे महिन्यात ट्रॅक्टर पेरणीस सज्ज व्हावयाचा, तेव्हा त्याच्या क्लचने वर्षातील सर्वांत जड काम नुकतेच संपविलेले असते. याच सुमारास एखादा गिअर, बेअरिंग किंवा ऑइल सील बदलण्याकरिता पुष्कळ ट्रॅक्टर उघडले जातात. त्या वेळी क्लच न तपासता ट्रॅक्टर पुन्हा जोडणे ही मोठी चूक आहे.

क्लच कशाने झिजतो?

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्यास लागून क्लच प्लेट व तिच्यामागे प्रेशर प्लेट असते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात व इंजिनाची शक्ती गिअरपेटीत जाते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग फिंगरांवर रेटते, दाब सुटतो व शक्ती तुटते. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत दोन प्लेटा असतात. पेडल अर्धे दाबल्यास ट्रॅक्टर थांबतो, पूर्ण दाबल्यास पी. टी. ओ. थांबतो. अशा ट्रॅक्टरांत दोन्ही प्लेटा तपासणे अवश्य आहे.

पूर्ण दाबाखाली चालणारी प्लेट जवळजवळ झिजत नाही. झीज होते ती प्लेट घसरत असताना. उभ्या ट्रॉलीस गती देताना प्लेट क्षणभर घसरते व त्या घर्षणाची उष्णता होते. ओझ्यास गती देण्यापुरता विचार केला, तर ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्या गिअरचा वेग दुप्पट आहे त्यात भरलेली ट्रॉली उचलल्यास क्लचमध्ये सुमारे चौपट उष्णता निर्माण होते. म्हणून ओझे नेहमी खालच्या गिअरमध्ये उचलावे. चालताना पेडलवर पाय ठेवण्याची सवय तर क्लचचा शत्रूच आहे.

ट्रॅक्टर न उघडता करावयाच्या परीक्षा

पहिली परीक्षा पेडलच्या मोकळ्या चालीची. कारागीर तिला ‘फ्री प्ले’ म्हणतात. पेडल हाताने दाबावे व जड लागेपर्यंत ते किती खाली जाते, हे पट्टीने मोजावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत ही चाल २० ते ३० मिलिमीटरच्या सुमारास असते. परंतु आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा. प्लेट झिजते तसतशी फिंगरे रिलीज बेअरिंगकडे सरकतात व मोकळी चाल कमी होते. ती संपली की बेअरिंग सतत फिंगरांवर घासते, स्प्रिंगांचा दाब अपुरा पडतो व प्लेट अधिकच घसरते. दांडीची लांबी बदलून चाल पुन्हा जमविता येते. मात्र ती वारंवार जमवावी लागत असेल, तर प्लेट संपत आली असे समजावे. ज्या वाहनांत क्लच तेलाच्या दाबावर चालतो, तेथे चाल बहुधा आपोआप जुळते व ही सूचना मिळत नाही. तेथे पुढील परीक्षांवर भर द्यावा.

दुसरी परीक्षा घसरण्याची. सपाट मोकळ्या जागी, पुढेमागे कोणी नाही अशी खात्री करून, दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट लावावेत. वरचा गिअर घालून इंजिन मध्यम गतीवर ठेवावे व पेडल सावकाश सोडावे. क्लच चांगला असल्यास इंजिन दबून बंद पडते. ते चालूच राहिले, तर प्लेट घसरत आहे. ही परीक्षा एकदाच व थोडक्यात करावी. कारण तिनेही प्लेट तापते.

तिसरी परीक्षा क्लच पूर्ण सुटतो की नाही याची. पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबावे व गिअर घालावा. दात खडखडल्यास चाल गरजेपेक्षा अधिक आहे, प्लेट वाकली आहे अथवा ती शाफ्टवर अडकत आहे.

ट्रॅक्टर उघडल्यावर

ट्रॅक्टरचे दोन भाग करताना प्रथम बॅटरीची तार काढावी. पुढचा आस मध्यभागी हलता असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्यात. नाहीतर इंजिनाचा भाग कलंडतो. केवळ जॅकवर विसंबून त्याखाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँड लावावेत.

आतील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो व त्याचे तंतू फुप्फुसांस कायमची इजा करतात. नाकातोंडावर योग्य मास्क लावून ओल्या फडक्याने धूळ पुसावी व ते फडके पिशवीत बांधून टाकावे. त्यानंतर पुढील क्रमाने पाहावे.

क्लच प्लेट : लायनिंगच्या पृष्ठापासून रिव्हेटच्या माथ्यापर्यंतची खोली व्हर्नियरने अनेक ठिकाणी मोजावी व सर्वांत कमी माप धरावे. पुस्तिकेत मर्यादा दिली नसल्यास ०.३ मिलिमीटर ही सामान्य मर्यादा मानतात. रिव्हेट उघडे पडले की ते फ्लायव्हीलला चरे पाडतात व एका प्लेटचा खर्च दोन भागांचा होतो. मधल्या स्प्रिंगा सैल अगर तुटलेल्या नसाव्यात. प्लेट शाफ्टच्या खाचांवर विनासायास सरकली पाहिजे.

तेल : लायनिंग ओले वा काळे चकचकीत दिसल्यास नुसती प्लेट बदलून भागत नाही. तेल इंजिनाच्या मागील सीलमधून येते की गिअरपेटीच्या सीलमधून, हे आधी शोधावे. गळती न थांबविता घातलेली नवी प्लेटही लवकरच निकामी होते.

फ्लायव्हील व प्रेशर प्लेट : निळे डाग हे अति तापल्याचे चिन्ह होय. तडा गेलेला भाग पुन्हा वापरू नये. पृष्ठावर सरळ पट्टी उभी धरून फटीत फीलर गेज घालून पाहिल्यास खोलगटपणा कळतो. चरे उथळ असल्यास लेथवर पृष्ठ सारखे करून घेता येते. मात्र किती धातू काढावा, याची मर्यादा पुस्तिकेत पाहावी. सर्व फिंगरांची उंची सारखी असावी, अन्यथा क्लच थरथरतो.

बेअरिंगे : रिलीज बेअरिंग हाताने फिरवावे. खरखर किंवा आवाज आल्यास बदलावे. ते डिझेलमध्ये धुऊ नये, आतील ग्रीस निघून जाते. फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंगही याच वेळी पाहावे.

बदलावे की चालवावे?

हा प्रश्न प्लेट आज चालते काय, या विचाराने सोडवू नये. ती पुढील हंगाम काढील काय, असे विचारावे. समजा, रिव्हेटची खोली ०.५ मिलिमीटर भरली. मर्यादेपर्यंत केवळ ०.२ मिलिमीटर उरले. प्लेट निकामी झालेली नाही हे खरे. परंतु पेरणी व पुढील ऊस वाहतूक तिच्यावर सोपविणे धोक्याचे आहे. ट्रॅक्टर उघडण्याची मजुरी एकदा दिलेलीच आहे. त्याच वेळी प्लेट बदलल्यास केवळ तिची किंमत लागते. आषाढात बदलावी लागल्यास तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते आणि वाफसाही जातो.

जुनी गिअरपेटी अगर जुना क्लच विकत घेऊन बसविताना हीच तपासणी जोडणीपूर्वी करावी. काही मोटारगाड्यांची स्वयंचलित गिअरपेटी काढून हाताने गिअर बदलावयाची पेटी बसविली जाते. स्वयंचलित पेटीच्या पुष्कळ गाड्यांत शक्ती तेलाच्या माध्यमातून जाते व पायाचा क्लच नसतो. बदल करताना फ्लायव्हील, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग व पेडल हा सर्व संच नव्याने घालावा लागतो. तो दुसऱ्या गाडीतून काढलेला असल्यास किती चालला आहे, हे विक्रेत्याच्या शब्दावर न ठरविता मापाने ठरवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत; म्हणून असे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

जोडणी व नंतरची काळजी

प्लेटची फ्लायव्हीलकडील बाजू ओळखूनच ती बसवावी. उलट बसल्यास क्लच नीट सुटत नाही. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी थोडे लावावे, जादा ग्रीस उडून लायनिंगवर जाते. प्लेट मध्यावर आणण्यास केंद्र साधण्याची दांडी वापरावी व बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावेत. नव्या प्लेटवर पहिले काही तास हलके काम घ्यावे व त्यानंतर मोकळी चाल पुन्हा मोजावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात पेरणीयंत्रांची तपासणी करविताना ट्रॅक्टरमालकांस पेडलची चाल मोजून दाखवावी. त्यास एक पट्टी व पाच मिनिटे लागतात. अधिक शिकू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. मोजलेला आकडा तारखेसह ट्रॅक्टरच्या वहीत लिहून ठेवावा. चाल किती दिवसांत किती घटली, हे वहीवरून कळते व प्लेट बदलण्याचा दिवस पेरणीच्या आधी, आपल्या सोयीने ठरविता येतो.