कॉम्प्युटर सुरू होत नाही? 'फॉरमॅट' म्हणण्याआधी हे वाचा

एकाच कॉम्प्युटरमध्ये विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टिम ठेवणारी घरे आपल्याकडे आहेत. उर्दूचे टायपिंग इनपेजमध्ये होते आणि इनपेज विंडोजवर चालते, म्हणून विंडोज सोडता येत नाही. मुलांना कोडिंग शिकायचे असते, किंवा जुने मशीन हलके चालावे अशी इच्छा असते, म्हणून शेजारी उबुंटू टाकलेले असते. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

मग एखाद्या दिवशी अपडेट होते आणि सिस्टिम निवडण्याचा नेहमीचा मेनू येतच नाही. सरळ विंडोज उघडते, नाहीतर काळ्या स्क्रीनवर नुसते 'ग्रब' लिहून येते. घरात गडबड उडते. दुकानात नेले की बऱ्याचदा एकच उत्तर मिळते, "फॉरमॅट मारावा लागेल." नुकसान होते ते इथे. अब्बांच्या जुन्या फाइली, मुलांच्या स्कॉलरशिपचे कागद, लग्नाचे फोटो, सगळे त्या फॉरमॅटमध्ये जाते. बूटलोडर बिघडला म्हणजे डेटा गेला असे मुळीच नाही.

बूटलोडर म्हणजे काय?

आम्ही विद्यार्थ्यांना वहीचे उदाहरण देतो. अनुक्रमणिकेचे पान फाटले तर धडे फाटत नाहीत, फक्त कोणता धडा कुठे आहे ते सापडत नाही. बूटलोडर हा तसाच छोटा प्रोग्राम आहे. बटण दाबल्यावर तो सिस्टिम शोधून सुरू करून देतो. लिनक्सच्या बूटलोडरचे नाव ग्रब, विंडोजच्या बूटलोडरचे नाव विंडोज बूट मॅनेजर. आजच्या यूईएफआय कॉम्प्युटरमध्ये हे दोन्ही डिस्कच्या एका लहानशा वेगळ्या भागात शेजारी शेजारी राहतात. तुमच्या फाइली दुसऱ्याच भागात असतात.

आधी बिघाड ओळखा

१) मेनू न येता सरळ विंडोज उघडते: बहुतेक वेळा फक्त क्रम बदललेला असतो. कॉम्प्युटर सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून (कंपनीप्रमाणे बटण वेगळे असते) बायोस सेटिंगमध्ये जा, बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर आणा आणि सेव्ह करा. काम पाच मिनिटांचे आहे.

२) 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' लिहून येते: ग्रबला स्वतःच्या फाइली सापडत नाहीत. विंडोजमधून कोणी लिनक्सचे पार्टिशन डिलीट केले की हमखास असे होते. बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडून पाहा, विंडोज बहुधा सुरू होईल.

३) 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असा मेसेज येतो: ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट मशीनवर हा प्रकार झाला. सिक्युअर बूटच्या नव्या नियमाने जुन्या लिनक्सचा बूटलोडर नाकारला. मायक्रोसॉफ्टने मे 2025 च्या अपडेटमध्ये हा दोष दूर केला. मशीन तरीही अडकले असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करा, लिनक्स सुरू करून पूर्ण अपडेट करा, मग सिक्युअर बूट परत चालू करा.

४) डिस्कच सापडत नाही असे लिहून येते: बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर दोष बूटलोडरचा नाही, डिस्क किंवा तिची केबल तपासावी लागेल.

एक खबरदारी: विंडोजला बिटलॉकर असेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर ते 48 अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. सेटिंगला हात लावण्याआधी मोबाइलवरून ती पाहून कागदावर उतरवून घ्या.

तरीही जमले नाही तर

दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूची फाइल डाउनलोड करा आणि रूफस या प्रोग्रामने किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हमधला आधीचा मजकूर पुसला जातो, म्हणून तो रिकामाच घ्या. बिघडलेले मशीन या पेनड्राइव्हवरून सुरू करा. बूट मेनूत पेनड्राइव्हच्या नावापुढे यूईएफआय लिहिलेला पर्याय असेल तर तोच घ्या. पुढे 'ट्राय उबुंटू' निवडा, 'इन्स्टॉल' नको.

आता सर्वात महत्त्वाचे. दुरुस्ती नंतर, आधी फाइली. फाइल मॅनेजरमध्ये तुमची डिस्क दिसेल. गरजेचे सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. बिटलॉकर असलेला भाग उघडताना तीच रिकव्हरी की लागेल.

मग इंटरनेट जोडा, 'बूट-रिपेअर' हा मोफत प्रोग्राम टाका आणि 'रिकमेंडेड रिपेअर' दाबा. तो ग्रब पुन्हा बसवतो आणि दोन्ही सिस्टिम मेनूत आणायचा प्रयत्न करतो. विंडोजचे 'स्टार्टअप रिपेअर' फक्त विंडोजपुरते आहे, त्याने लिनक्स परत येत नाही.

दुकानात जायचेच असेल तर

जरूर जा, पण दोन गोष्टी स्पष्ट सांगा: "आधी डेटा कॉपी करून आम्हाला दाखवा. बूटलोडर दुरुस्त करा, आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." शक्य झाल्यास हे पावतीवर लिहून घ्या.

आणि मशीन सुरू झाले की तो पेनड्राइव्ह पुसू नका. त्यावर नाव लिहून कपाटात ठेवा, आणि महिन्यातून एकदा घरातल्या मोठ्या मुलामुलींपैकी कोणाला तरी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचे काम नेमून द्या.