पित्ताशयाचा कर्करोग : कावीळ दिसण्यापूर्वी

पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण गंगेच्या खोऱ्यात व आसामात फार मोठे आहे. महाराष्ट्रात ते तुलनेने कमी. तथापि उत्तर प्रदेश-बिहारमधून येऊन मुंबई-पुण्यात स्थिरावलेली कुटुंबे आपल्याच चिकित्सालयांत येतात, आणि प्रथम तक्रार सांगतात ती अपचनाची. म्हणून वैद्यबंधुभगिनींसमोर हा विषय आम्ही मांडीत आहोत.

या व्याधीच्या हेतूंत पित्ताश्मरी अग्रस्थानी आहे. बहुसंख्य रुग्णांत खडे आढळतात. मात्र खडे असणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना कर्करोग होतो, तेव्हा रुग्णास उगाच भय घालू नये. ३ सेंमीपेक्षा मोठा खडा, १ सेंमीपेक्षा मोठा पॉलिप, विषमज्वराच्या जंतूंचे दीर्घकाळ वहन, स्थौल्य व उतारवय हे इतर हेतू होत. स्त्रियांत हा रोग पुरुषांपेक्षा अधिक आढळतो.

आरंभी लक्षणे नसतात, किंवा ती अम्लपित्तासारखी भासतात. पूर्वी अधूनमधून उठणारा उजव्या बरगडीखालचा शूल सतत राहू लागला, अरुची वाढली व वजन घटू लागले, तर सावध व्हावे. कावीळ, हाताला लागणारी गाठ व जलोदर ही लक्षणे बहुधा उशिराची असतात.

चरकसंहितेत वर्णिलेल्या शाखाश्रित कामलेत मल तीळकुटासारखा होतो, कारण पित्ताचा मार्ग रुद्ध झालेला असतो. हा रोध खड्याचा की अर्बुदाचा, हे नाडी वा जिव्हा पाहून ठरत नाही. त्यासाठी सोनोग्राफी तातडीने करवून घ्यावी.

औषधालयचालकांना आमची विशेष विनंती आहे. विषाणुजन्य कावीळ पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय आरोग्यवर्धिनीस किंवा भूम्यामलकीस मिळते. त्याच विश्वासाने लोक पांढरट मल, गडद मूत्र व कंडू असलेल्या रुग्णासाठीही औषध मागतात. अशा वेळी पुडी बांधण्यापूर्वी त्यास वैद्याकडे पाठवावे.

रोग पित्ताशयापुरता मर्यादित असताना केलेली शस्त्रक्रिया हाच बरे होण्याचा खरा मार्ग आहे. असे आरंभीचे रोग अनेकदा खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीतच उघडकीस येतात. म्हणून शस्त्रक्रिया होऊन आलेल्या प्रत्येक रुग्णास विचारावे : काढलेल्या पित्ताशयाचा बायॉप्सी अहवाल आला का, आणि तो शल्यचिकित्सकांना दाखविला का?