दिवेलागणीची वेळ आणि मालिका

सायंकाळी सात ते नऊ या वेळेतल्या मालिकांत विषप्रयोग, अपहरण, सुनेचा छळ अशी दृश्ये दाखवावीत का, हा प्रश्न सगळ्याच मराठी घरांचा आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या घरांना तो जरा वेगळा भिडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथला सरकारी कारभार कन्नडमध्ये गेला. हळूहळू बहुतेक मुलांची शाळाही कन्नड किंवा इंग्रजी झाली. अशा मुलांच्या कानावर घराबाहेरची मराठी पडते ती बऱ्याच अंशी मालिकांतून. आजीच्या शेजारी बसून पाहिलेली मालिका ही त्यांची संध्याकाळची मराठी शाळाच असते. म्हणून ‘पटत नसेल तर टीव्ही बंद करा’ हे उत्तर आपल्याला पुरत नाही. बंद केला तर भाषेचा एक झरा आटतो. चालू ठेवला तर भाषेबरोबर आणखी काय घरात येते, तेही पाहावे लागते.

भीषण प्रसंग मराठी रसिकाला नवे नाहीत. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त दारूने एका संसाराची राखरांगोळी होते आणि सिंधूचा मृत्यू प्रेक्षकांना पाहावा लागतो. ते नाटक कोणी सौम्य करून मागितले नाही. पण तिथे प्रेक्षक तिकीट काढून, मनाची तयारी करून जात होता. भरताच्या नाट्यशास्त्राने तर युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सांगाव्यात असे म्हटले आहे. आपल्या गावातही कीर्तन आणि तमाशाचा फड यांच्या वेळा वेगळ्या असत. काय दाखवायचे याइतकेच, कोणासमोर आणि केव्हा, याचेही भान परंपरेला होते.

कायद्यालाही हे भान आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यांतला सहावा नियम कार्यक्रम संहितेचा आहे. ज्या वेळी मुले सर्वाधिक संख्येने टीव्ही पाहतात, त्या वेळी मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असे तो सांगतो. मात्र ती वेळ कोणती, हे घड्याळाच्या आकड्यात लिहिलेले नाही. वाहिन्यांनी स्वतःसाठी केलेल्या नियमावलीत प्रौढांसाठीच्या मजकुराला रात्री अकरा ते पहाटे पाच ही वेळ दिली आहे. त्यामुळे अकराच्या आधीचे सारे सर्वांसाठीच, असा सोयीचा अर्थ निघतो आणि सात ते नऊचा पट्टा मोकळा राहतो. ब्रिटनमध्ये ही सीमारेषा रात्री नऊची आहे. तरीही तिथे नऊच्या आधी लागणाऱ्या ‘ईस्टएंडर्स’ मालिकेत, आपले बाळ दगावल्यावर आई दुसरीचे बाळ उचलते असे कथानक आले, तेव्हा हजारो तक्रारी झाल्या आणि २०११ मध्ये बीबीसीने ते ठरल्यापेक्षा लवकर आवरले.

आपल्याकडेही वेळेचा विवेक दिसलेला आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) आणि ‘देवमाणूस’ (२०२०) या झी मराठीवरच्या मालिका रात्री साडेदहाला लागत. पहिलीवर कोकणातून अंधश्रद्धेच्या मुद्द्यावर आक्षेप आले, पण निदान लहान मुलांच्या जेवणाच्या वेळी ती घरात शिरत नव्हती. याउलट सोनी वाहिनीवरची ‘पहरेदार पिया की’ ही हिंदी मालिका जुलै २०१७ मध्ये रात्री साडेआठला सुरू झाली. त्यात नऊ वर्षांच्या मुलाचे तरुण मुलीशी लग्न दाखवले होते. लोकांनी सह्या करून विरोध केला. प्रसारण मजकूर तक्रार परिषदेने मालिका रात्री उशिरा न्यायला आणि ती बालविवाहाचे समर्थन करत नाही अशी सूचना दाखवायला सांगितले. ऑगस्टअखेर वाहिनीने ती बंदच केली. प्रेक्षकांच्या तक्रारीला वजन असते, हे त्यातून दिसले.

रक्त किती सांडले यावरून दृश्याची भीती मोजणे मात्र चूक ठरेल. भूत मुलाला घराबाहेरचे वाटते; दुधात काहीतरी कालवणारी काकू घरातली असते. त्यातून दैनंदिन मालिकेची घडणच अशी, की भाग नेमका भीतीच्या टोकावर तोडायचा. तीन तासांच्या नाटकात अपराध, पश्चात्ताप आणि परिणाम एका बैठकीत दिसतात. मालिकेत शिक्षा कित्येक महिन्यांनी येते, आणि मूल तेवढ्यात उघडे राहिलेले दार मनात घेऊन झोपायला जाते. मोठ्यांना ‘उद्या सुटेल’ हे ठाऊक असते. पाच वर्षांच्या मुलाला उद्या फार लांब असतो.

यावर दोन आक्षेप येतात. एक, छळ समाजात आहे, मग तो लपवायचा का? लपवू नये. छळ सोसणारी बाई, तिला मिळालेला आधार, तिची लढाई हे विषय सात वाजताही यावेत. प्रत्यक्ष मारहाण आणि तिच्यावर रेंगाळणारा कॅमेरा दहानंतर जावा. दुसरा आक्षेप असा, की मोबाइलवर आणि दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणात सगळे दिसतेच. ते खरे आहे. म्हणूनच रात्रीच्या मालिकेचे दुपारचे पुनःप्रक्षेपण हाही तक्रारीचा विषय व्हायला हवा. मोबाइल एकट्याचा असतो. संध्याकाळचा टीव्ही घराचा असतो, आणि तिथे काय चालते ते घराच्या संमतीने चालते असे मूल धरून चालते.

तक्रारीचा मार्ग २०२१ च्या दुरुस्तीने स्पष्ट केला आहे. आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करावी; तिने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे अपील करता येते. मालिकेचे नाव, तारीख, वेळ आणि दृश्य नेमके लिहावे. ‘संस्कृती बुडाली’ एवढे लिहून भागत नाही.

मराठीचा मोठा बाजार सीमेपलीकडे आहे, आपले कोण ऐकणार, असे वाटणे साहजिक आहे. पण नियमात प्रेक्षकाचा जिल्हा विचारलेला नाही. संध्याकाळची मराठी आपल्या नातवंडांच्या कानी पडत राहावी, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच ती त्यांच्यासमोर बसून ऐकण्याजोगी असावी, हा आग्रह धरायचा आहे.