दिवाळीचा माज, गणपतीचं वेत : भोपाळचा बारशिंगा आणि आपल्या गोठ्यातली म्हैस

भोपाळ : बड्या तलावाच्या काठावरच्या वनविहार राष्ट्रीय उद्यानात 2015 मध्ये कान्हाहून बारशिंगे आणले गेले. हा मध्य प्रदेशचा राज्यप्राणी. 1970 च्या सुमारास कान्हात त्यांची संख्या जेमतेम 66 उरली होती. बारशिंग्यांचा मीलनाचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत असतो. मादी साधारण आठ महिने गाभण राहते आणि पाऊस सरता सरता पाडसं जन्मतात. तेव्हा गवत उंच झालेलं असतं. पाडसाला लपायला जागा मिळते, आईला हिरवा चारा मिळतो.

पण ऐन थंडीत, गवत पिवळं पडलेलं असताना, आठ महिन्यांनंतरच्या चाऱ्याचा हिशेब कोण ठेवतं? हरणवर्गातल्या अनेक जातींमध्ये हे काम दिवसाच्या लांबीकडे असतं. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. रात्र मोठी तर मेलॅटोनिनही जास्त वेळ. त्यावरून मेंदूला ऋतू कळतो आणि प्रजननाची संप्रेरकं जागी होतात. पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो, सूर्य देत नाही. चुकीच्या हंगामात जन्मलेली पिल्लं जगत नाहीत, म्हणून हजारो पिढ्यांत हेच घड्याळ टिकलं.

याचा पुरावा न्यूझीलंडमध्ये मिळतो. ब्रिटनमधून तिकडे नेलेली तांबडी हरणं मायदेशी सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर यायची. तिथे त्यांचा हंगाम मार्च-एप्रिलवर गेला. थंड समुद्रातल्या सीलची तऱ्हा आणखी वेगळी. मीलनानंतर तिचा गर्भ दोन-तीन महिने गर्भाशयात न रुजता थांबून राहतो. तो कधी रुजायचा हे ठरवण्यात दिवसाच्या लांबीचा मोठा हात असतो, त्यामुळे एका किनाऱ्यावरची पिल्लं जवळजवळ एकाच वेळी जन्मतात.

अर्थात सगळेच प्राणी या घड्याळाला बांधलेले नाहीत. वनविहारातच चितळंही आहेत, आणि चितळाची पाडसं वर्षातल्या कुठल्याही महिन्यात दिसू शकतात.

आपली म्हैस मात्र बरीचशी बारशिंग्याच्या बाजूची. दिवस लहान होऊ लागले की ती नीट माज दाखवते. गाभणकाळ साधारण 310 दिवसांचा. म्हणजे दिवाळीच्या आसपास राहिलेली म्हैस गणपतीच्या सुमारास विते. म्हणूनच थंडीत दुधाचा पूर आणि उन्हाळ्यात टंचाई.

भोपाळ कर्कवृत्ताच्या अगदी खाली. तिथे सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान पावणेअकराच्या आतला, म्हणजे जवळपास तीन तासांचा फरक. बेळगावात हाच फरक दोन तासांहून कमी. विषुववृत्ताजवळ तर चारा-पाणी असेल तर म्हशी वर्षभर वितात. त्यामुळे सगळं खापर उजेडावर फोडता येत नाही. ऊन आणि चाऱ्याची आबाळही तितकीच नडते. उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते : आतून माजावर असते, पण ना ओरडते, ना काही दाखवते. सावली, डुंबायला पाणी आणि हिरवा चारा दिला तर थोडा फरक पडतो.

खरी गोम थंडीतल्या माजात आहे. तो बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतो, तेव्हा गोठ्यात कुणी नसतं. शेपटीखाली काचेसारखा सोट दिसला तर लगेच रेतनाची सोय बघावी. गणपतीत व्यालेली म्हैस दोन महिन्यांनी पुन्हा भरवण्याजोगी होते. माज दर 21 दिवसांनी येतो. असे चार निसटले की फेब्रुवारी उजाडतो आणि दिवस मोठे होऊ लागलेले असतात. जून-जुलैत दूध आटतं. पुढच्या दिवाळीला ती राहिली, तरी वेत त्याच्याही पुढच्या गणपतीत. तोवर वर्षभराहून जास्त काळ भाकड म्हशीला कडबा घालत बसायचं.